कॅलेंडरच्या चौकोनात मावेल एवढंच

मागे जो सतत आवाज येतोय ना, तो तुमच्या हेडफोनचा दोष नाही. पाऊस आहे. जुलै महिन्यात मुठ्यात, पत्र्याच्या घरात बसून पॉडकास्ट रेकॉर्ड करणं म्हणजे ढोल-ताशाच्या पथकात उभं राहून कानगोष्ट सांगण्यासारखं आहे. डोक्यावरून गोधडी घेतलीय, फोन गोधडीच्या आत आहे, आणि मी घामाघूम झालोय. तेव्हा आज जरा चालवून घ्या.

जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतो. पुण्यात मुठा म्हटलं की लोकांना भिडे पूल आठवतो, पाण्याखाली गेला की त्याची बातमी होते. ती नदी वरून आमच्याकडून येते. पिरंगुटपर्यंत यायचं, डावीकडे लवासाच्या रस्त्याला लागायचं, की मुठा गाव लागतं. आणखी वर गेलात की टेमघर धरण. बारा मावळांच्या यादीत जे 'मुठे खोरं' येतं ते हेच. भात, पाऊस आणि शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या, एवढं आमचं वैभव.

आजचा विषय आहे नोंदी. रोजच्या, बारक्या, कुणी वाचणार नाही अशा.

मागच्या वर्षी याच दिवसांत माझा फोन मेला. सेकंड शिफ्ट सुटली होती, घाटात पाऊस असा की पुढचं दिसेना, आणि रेनकोटच्या ज्या खिशात फोन होता त्याची चेन उघडी राहिलेली. घरी आल्यावर तांदळाच्या डब्यात ठेवला. दोन दिवस ठेवला. इंद्रायणीचा वास लागला फोनला, चालू काही झाला नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, बोर्ड गेलाय, यातलं काही निघणार नाही.

आता फोटो बऱ्यापैकी परत मिळाले. गेली ती माझी डायरी. जानेवारी २०२१ पासून एका ॲपमध्ये रोज लिहीत होतो. लॉगिन केलेलं नव्हतं, कारण पासवर्डचा कंटाळा. बॅकअपची सूचना पाच महिने येत होती, आणि मी पाच महिने 'नंतर' वर बोट ठेवत होतो. म्हणजे चूक शंभर टक्के माझी. बाराशेच्या वर दिवसांची साखळी होती माझी त्या ॲपमध्ये, एकही दिवस न चुकता. वर आगीचं छोटं चित्र यायचं आणि त्यापुढे आकडा. मित्रांना दाखवायचो.

दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण तिसऱ्या दिवशी मी आठवायला बसलो की त्यात नक्की होतं काय. आणि मंडळी, खरं सांगतो, निम्म्याहून जास्त दिवस त्यात 'ठीक दिवस' एवढंच लिहिलेलं होतं. रात्री ११.५५ ला, अर्धवट झोपेत, फक्त ती आग विझू नये म्हणून. म्हणजे मी दिवसाची नोंद ठेवत नव्हतो, ॲपची हजेरी लावत होतो. कंपनीत कार्ड पंच करतो तसं.

त्याच आठवड्यात आजोबांची ट्रंक उघडली. कारण अगदी साधं होतं, पत्र्यातून गळायला लागलं आणि ट्रंक हलवावी लागली. आत कॅलेंडरं. १९८१ ते २०१७. आजोबा २०१८ च्या फेब्रुवारीत गेले, त्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवरच राहिलं होतं, ते पुढे कुणीतरी काढलं. सदतीस वर्षांतली तीन वाळवीने खाल्लीत, बाकी शाबूत. बहुतेक कालनिर्णय, मधली काही खताच्या दुकानात फुकट मिळालेली. कालनिर्णय १९७३ पासून निघतं, आणि मला वाटतं मराठी माणसाचं सगळ्यात मोठं रोजनिशीचं वहीखातं तेच आहे. तुमच्या घरीही बघा. दूध किती, गॅस कधी लावला, कामवालीचे खाडे. हे कुणी डायरी म्हणून लिहीत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं लिहिलं जातं.

आजोबा चौथी शिकलेले. त्यांच्या नोंदी अशा:

'रोप टाकले.' 'गाय व्याली, कालवड.' 'वीज नाही, ३ दिवस.' 'पौडला गेलो. खत २ गोणी.' 'पावणे आले ८.' 'आवणी संपली.' १९८९ च्या जूनमध्ये एका चौकोनात 'इंद्रायणी' आणि त्याखाली दोन रेघा. हा भात वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून दोनच वर्षं आधी, १९८७ ला आला होता. म्हणजे आमच्या खाचरात इंद्रायणी पहिल्यांदा कधी पडला ते मला आज तारखेसकट माहितीय. आणि मी स्वतः २०२२ च्या जूनमध्ये काय करत होतो ते मला माहिती नाही. ठीक दिवस होता, एवढं नक्की.

ॲपवाले आपल्याला सांगतात की २१ दिवस केलं की सवय लागते. हा २१ चा आकडा आला कुठून, तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, त्याने १९६० च्या पुस्तकात लिहिलं की माणसाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात. 'निदान' गळलं, चेहरा गळला, २१ राहिले. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना एकेक साधी सवय लावायला सांगून बारा आठवडे पाहिलं. रोज आठवण न करता आपोआप हात तिकडे जायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. आणि त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं: एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं काही बिघडत नाही. मग ती आग का विझते? आग विझण्याची भीती दाखवली की आपण ११.५५ ला ॲप उघडतो, म्हणून.

आजोबांचं तसं नव्हतं. डेअरीला दूध घालून आले की पेन खुंटीला बांधलेलं असायचं, कॅलेंडर त्याच खुंटीला. दूध किती गेलं ते लिहायचंच होतं, हिशेबाला. त्याच्या शेजारी जागा उरली तर बाकीचं. सवय दुधाची होती, इतिहास फुकटात झाला.

इतिहास हा शब्द उगाच नाही वापरला. आमच्यापासून दोन-तीन डोंगररांगा दक्षिणेला, भोर तालुक्यात कारी म्हणून गाव आहे. कान्होजी जेध्यांचं. त्या जेधे घराण्यात एक शकावली होती. शकावली म्हणजे काय, तर शक, महिना, तिथी आणि काय घडलं ते, एक-दोन ओळींत. वर्णन नाही, अलंकार नाहीत. १६१८ ते १६९७ पर्यंतच्या नोंदी. ती घराण्यातल्या वंशजांकडून लोकमान्य टिळकांकडे आली आणि १९१६ ला छापली गेली. तोपर्यंत शिवाजी महाराजांच्या जन्माचं साल १६२७ असं रूढ होतं. या शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मग वाद झाले, आणखी पुरावे जुळवले गेले, बरीच वर्षं गेली, आणि आज आपल्याला सुट्टी असते ती १९ फेब्रुवारीला. एका घरात जपलेली एका ओळीची नोंद.

कुणाला वाटेल, काय राव, कुठे जेध्यांची शकावली आणि कुठे तुझ्या आजोबांचं दूध. मान्य. पण ठेवण सारखीच आहे ना. तारीख आणि एक ओळ.

आता मी जे मुख्य सांगायला बसलोय तिकडे येतो. जरा जपून सांगतो.

आजी विसरायला लागलीय. दोन वर्षं झाली. चहा पिऊन कप खाली ठेवते आणि म्हणते, आज चहा नाही का रं? संध्याकाळ झाली की तिचा एकच प्रश्न, 'रोप टाकलं का?' डिसेंबरातही विचारते. आधी आम्ही तिला सांगायचो, आजी, भात झोडून झालं, कणगीत भरलं. मग ती ओशाळायची, आणि दहा मिनिटांनी परत विचारायची. ते ओशाळणं बघवत नव्हतं.

कॅलेंडरं सापडल्यावर मी एक केलं. तिने विचारलं की एखादं वर्ष काढायचं आणि जूनपासून वाचायला लागायचं. 'आजी, ऐक. १९८४. ११ जून, रोप टाकले.' मग तिचा चेहरा सैल पडायचा. 'टाकलं ना? मग बरं झालं.' पुढे वाचत गेलो की ती मध्ये मध्ये भर घालायची. पावणे आठ आले म्हणजे कोण कोण, त्या दिवशी भाकरी किती केल्या, कुणाला मासवडी लागायचीच. आजोबांनी एक ओळ लिहिलेली, आणि तिच्याकडे त्या ओळीचं अख्खं पान. आजीला लिहिता येत नाही. मी फोन शेजारी ठेवून रेकॉर्ड करायला लागलो.

तसं हे आमच्या तालुक्याला नवीन नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, पुढे त्यातल्या काही हजार ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. लाखाहून जास्त ओव्या लिहून काढलेल्या आहेत, आणि त्यांत आमच्या मुळशीतल्या कोळवड्यासारख्या गावांतल्या बायका आहेत. २०१७ पासून 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर, त्या ऐकायला मिळतात. जरूर ऐका, हेडफोन लावून ऐका. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, नवरा, सगळं त्यात आहे. आणि पहाटे तीनला जात्यावर बसून हे म्हणणाऱ्या बाईला कॅलेंडरवर चौकोन मिळालेला नव्हता.

तर एका संध्याकाळी १९८६ काढलं. जून, जुलै वाचून झालं. ऑगस्ट. ९ तारीख: 'पाऊस फार. ओढा भरला.' आणि पुढे काहीच नाही. १० ते २०, अकरा चौकोन कोरे. दुधाचा आकडासुद्धा नाही. २१ ला परत 'दूध ३ लि.' जसं काही झालंच नाही.

मी वाचता वाचता थांबलो. आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'मग? पुढं काय लिवलंय?'

म्हटलं, 'काही नाही आजी. कोरं आहे.'

तिचा हात थांबला. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, 'पोर गेली तवा.'

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एक धाकटी बहीण होती. दोन वर्षांची. ताप आला आणि ओढ्याला पाणी, पलीकडे जाता येईना, पौडला न्यायचं होतं. दोन दिवस थांबले. आजीने हे सगळं सलग सांगितलं, एकही शब्द न अडखळता. तिचा फ्रॉक कसला होता ते सांगितलं. सकाळी काय खाल्लं ते जिला आठवत नाही, तिने. मी २७ वर्षांचा आहे आणि मला एक आत्या होती हे मला त्या संध्याकाळी कळलं, कोऱ्या चौकोनांमुळे.

त्या ॲपमध्ये असे अकरा दिवस कोरे राहिले असते तर काय झालं असतं? आग विझली असती, आकडा शून्य झाला असता, आणि एक सूचना आली असती. 'तुमची साखळी तुटली. पुन्हा सुरुवात करा!' शेवटी उद्गारचिन्ह.

अण्णांना रात्री विचारलं. ते तेव्हा नऊ वर्षांचे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, 'तेव्हा पूल नव्हता.' आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी आजी हे सांगितल्याचं विसरली होती. संध्याकाळी परत, रोप टाकलं का? तेव्हापासून मी १९८६ वाचताना जुलैनंतर थेट सप्टेंबरवर जातो. हे बरोबर आहे का, मला माहिती नाही. तिचं ते दुःख तिचं आहे, मी पान लपवणारा कोण, असंही वाटतं. पण दर वेळी तिला ते नव्याने व्हावं, हे माझ्याने होत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं असेल तर तुम्ही काय करता ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि हे इथे सांगावं का, यावरही दोन महिने गेले. शेवटी अण्णांना विचारलं. म्हणाले, 'सांग. नाव घेऊ नको.' म्हणून घेतलं नाही.

तर आता मी काय करतो ते पटकन सांगतो, कारण लाईट कधीही जाईल.

ॲप बंद. महिन्याला एक साधी टेक्स्ट फाइल, नाव साल आणि महिना, म्हणजे ओळीने लागतात. आत तारीख आणि एक ओळ. फार तर दोन. कॅलेंडरच्या चौकोनात मावेल एवढंच, हा नियम. गाडीला स्टँड लावलं की हेल्मेट काढायच्या आधी लिहितो, आजोबांचं दुधाचं होतं तसं माझं गाडीचं. कधी बोलून टाइप करतो. मी 'आवणी झाली' म्हणतो आणि फोन 'अवनी झाली' लिहितो, वाचणाऱ्याला वाटेल घरात बारसं आहे. दुरुस्त करायचं, दुसरं काय. चुकलेला दिवस चुकलेला ठेवतो, मागून भरत नाही. फाइलची एक प्रत चुलतभावाच्या लॅपटॉपवर, आणि ३१ डिसेंबरला पिरंगुटला झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट. मागच्या वर्षी सहा महिन्यांची आठ पानं झाली. ती त्याच ट्रंकेत टाकलीत, पण यावेळी खाली डांबरगोळ्या आणि प्लास्टिक.

ब्लॉगचं काय, असं तुमच्यातले जुने श्रोते विचारतील. लॉकडाउनमध्ये मी ब्लॉग काढला होता, आठवत असेल. 'पहाटे पाचला उठण्याचे फायदे' वगैरे. लिहिताना मी आठला उठत होतो. चौदा लेख झाले, वाचक तीन: मी, चुलतभाऊ आणि वाशीचे मामा. फोन गेल्यावर ते चौदा लेख तेवढे शिल्लक राहिले, कारण ते माझ्या खिशात नव्हते. मी सगळे परत वाचले. भयंकर आहेत. सगळीकडे 'आपण' आणि 'आयुष्य'. पण एका लेखात, वेळेच्या नियोजनावरच्या, मध्येच एक वाक्य सापडलं: आज लिहायला उशीर झाला कारण वादळात गोठ्याचे चार पत्रे उडून खालच्या खाचरात गेले आणि ते आणायला गेलो होतो. तारीख ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. चौदा लेखांतलं तेवढं एक वाक्य माझं होतं, आणि ते मी माफी मागण्यासाठी लिहिलं होतं.

म्हणून ब्लॉग मी बंद केला नाही. पण तो भाड्याची खोली आहे हे धरून चालतो, अकरा महिन्यांचा करार. मालक चांगला असला तरी इमारत पाडायची ठरली की सामान बाहेर. जिओसिटीज २००९ ला गेलं. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, त्यावर अनेक जण आवडते ब्लॉग एका जागी वाचायचे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४. आणि २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा माझ्या ओळखीच्या दोन पोरांचे शेकडो व्हिडिओ एका रात्रीत बघता येईनासे झाले. बैलपोळा, हळदी, जत्रेतल्या कुस्त्या. मूळ फाइल एकानेही ठेवली नव्हती. तेव्हा लोकांना दाखवायचं ते ब्लॉगवर टाका, जरूर टाका, पण मूळ प्रत घरी. आणि आत्यासारखी गोष्ट असेल तर आधी घरात विचारा.

या वर्षीचं कॅलेंडर आजीच्या खाटेशेजारी लावलंय, पेन खुंटीला बांधून. संध्याकाळी मी आलो की ती विचारते आणि मी तिच्यासमोर त्यात लिहितो. तिला अक्षर येत नाही, पण लिहिलेलं दिसतं. कधी ती चौकोनावर बोट ठेवून बसते.

बघा, गेली लाईट. फोन २३ टक्के. आजचं लिहून टाकतो आणि थांबतो.

'पाऊस. खालच्या खाचरात आवणी झाली, माणसं ६. आजी भाकरी दीड. भाग रेकॉर्ड केला, पत्र्याचा आवाज फार.'

भेटू पुढच्या भागात. रेंज असेल तर.